गाठ फॉर्मालिनमध्ये कधी पडली?

प्रति,
मा. आरोग्यमंत्री

स.न.वि.वि.

मी हिस्टोपॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. एकवीस वर्षं झाली. पेशंट मला भेटत नाहीत, त्यांच्या गाठी बरणीतून माझ्या टेबलावर येतात. मेणाचा ब्लॉक करायचा, त्याचा केसाहून पातळ पापुद्रा काढून काचेवर चढवायचा आणि रंगवायचा, हे माझं काम. स्तनाच्या कर्करोगात बाईला पुढे कोणतं औषध मिळणार हे बऱ्याच अंशी त्या काचेवर ठरतं, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

एका सोमवारची गोष्ट सांगते. शनिवारी दुपारी ऑपरेशन झालेलं होतं. अख्खा स्तन एका लहान बरणीत कोंबलेला, फॉर्मालिन, म्हणजे ऊती नासू नये म्हणून घालायचं रसायन, जेमतेम निम्म्यापर्यंत, गाठीला एकही छेद दिलेला नाही. फॉर्मालिन आत मुरतं ते ताशी साधारण एक मिलिमीटर. मी सुरी लावली तेव्हा वरचा थर करडा आणि घट्ट होता, पण मधला भाग गुलाबी, मऊ, सुरीला चिकटणारा. ईआरची, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टरची (इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा संदेश घेणाऱ्या पेशीतल्या प्रथिनाची) स्लाइड रंगवली. पॉझिटिव्ह असेल तर पेशींची केंद्रकं तपकिरी दिसतात. इथे सगळं निळं.

तिथेच निगेटिव्ह लिहून रिपोर्ट गेला असता. पण आमच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच काचेवरच्या, गाठीशेजारच्या निरोगी दुग्धनलिका पाहिल्या. त्यांत थोडी तरी तपकिरी केंद्रकं दिसायलाच हवीत. त्याही निळ्या होत्या. म्हणजे गाठीत प्रथिन नव्हतं असं नाही, ते आमच्या हाती येण्याआधीच नासलं होतं. ऑपरेशनपूर्वी सुईने काढलेल्या तुकड्याचा ब्लॉक दुसऱ्या प्रयोगशाळेत पडून होता. तो मागवायला चार दिवस गेले. रंगवला, तर दहातल्या नऊ पेशी गडद तपकिरी.

या फरकाची किंमत किती? ईआर पॉझिटिव्ह गाठीत पाच वर्षं टॅमॉक्सिफेन, म्हणजे हा रिसेप्टर अडवणारी गोळी घेतली, तर या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. ईआर निगेटिव्ह असेल तर त्या गोळीचा उपयोग नाही, म्हणून ती कोणी देतही नाही. स्तनाच्या दर दहा कर्करोगांपैकी साधारण सात ईआर पॉझिटिव्ह असतात. चुकून निगेटिव्ह ठरलेल्या बाईला आपलं काय हुकलं हे कधी कळत नाही.

हर-टू या प्रथिनाचंही तेच. १९८७ मध्ये अमेरिकेतले कर्करोगतज्ज्ञ डेनिस स्लॅमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या प्रथिनाच्या जनुकाच्या जादा प्रती असलेल्या स्त्रियांत रोग लवकर उलटतो. तेव्हा ती फक्त वाईट बातमी होती. १९९८ मध्ये ट्रास्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि त्याच प्रथिनावर नेम धरता येऊ लागला. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. हर-टूच्या रंगाला शून्य ते तीन असा स्कोअर देतात. पूर्वी तो शून्य की एक याने उपचार बदलत नसत. २०२२ पासून, पसरलेल्या रोगात, त्या एका आकड्यावर नवं औषध मिळतं की नाही हे ठरू शकतं. तो आकडा माणूस डोळ्यांनी, रंगाच्या छटेवरून देतो.

रोगाचं भाकीत करणाऱ्या नव्या प्रथिनांच्या बातम्या रोज येतात. एका नमुन्यातली हजारो प्रथिनं एकदम मोजणारी यंत्रंही आली आहेत. संशोधन व्हायलाच हवं, त्याला निधीही मिळायला हवा. पण यूपीए आणि पीएआय-१ ही प्रथिनांची जोडी आठवा. रोग उलटण्याचा अंदाज देण्यात तिचा पुरावा भक्कम होता, तरी त्यासाठी गोठवलेली ताजी ऊती लागायची, म्हणून ती फारशी पसरली नाही. केआय-६७, म्हणजे पेशी किती वेगाने वाढताहेत हे दाखवणारं प्रथिन, आम्ही १९८३ पासून ओळखतो, पण एकाच स्लाइडवर दोन पॅथॉलॉजिस्टांची मोजणी जुळत नाही. जाणकारांचा आंतरराष्ट्रीय गट पाच टक्के किंवा त्याखालच्या आणि तीस टक्के किंवा त्यावरच्या आकड्यावरच भरवसा ठेवायला सांगतो. मधल्या पट्ट्यातल्या बाईला आपण काय सांगायचं?

हे माझ्या एकटीच्या टेबलाचं दुखणं नाही. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड अँड लॅब्राडोर प्रांतात १९९७ ते २००५ या काळातल्या हार्मोन रिसेप्टरच्या तपासण्या पुन्हा केल्या, तेव्हा जवळपास ४०० जणींचे निकाल चुकीचे निघाले. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या आयोगाने २००९ मध्ये त्यावर अहवाल दिला. यंत्रं, रसायनं, डॉक्टर सगळं असलेल्या ठिकाणी हे घडलं.

उपाय खर्चिक नाही. गाठ शरीराबाहेर आल्यापासून तासाभरात, छेद देऊन, भरपूर फॉर्मालिनमध्ये पडली पाहिजे आणि त्यात सहा ते बहात्तर तास राहिली पाहिजे. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या आणि पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांनी हे २०१० मध्येच लिहून ठेवलं आहे. बरणीसोबत माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक चिठ्ठ्यांवर मात्र पूर्वी वेळच नसायची. विचारलं तर वॉर्डबॉय सिस्टरकडे बोट दाखवायचा, सिस्टर ऑपरेशन थिएटरकडे. म्हणून माझं मागणं असं आहे की गाठ काढल्याची आणि फॉर्मालिनमध्ये टाकल्याची, अशा दोन्ही वेळा रिपोर्टवर छापणं कायद्याने सक्तीचं करा. वेळ नसेल तर निगेटिव्ह निकालाखाली तसं स्पष्ट लिहिलं जावं आणि तपासणी दुसऱ्या तुकड्यावर विनामूल्य व्हावी.

दुसरं म्हणजे, रिसेप्टर तपासणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेला बाहेरून आलेल्या अनोळखी स्लाइड रंगवून आपली परीक्षा द्यावी लागली पाहिजे. नापास झाली तर चूक सापडेपर्यंत ही तपासणी तिथे थांबवावी. यात कोणाचा अपमान नाही. आमच्या विभागात आम्ही हे स्वतःहून करतो आणि दोनदा आमचीच चूक आम्हाला सापडली आहे. आणि ब्लॉक जपा. रोग उलटला की रिसेप्टर बदललेले असू शकतात. तेव्हा नवा तुकडा तपासावा लागतो आणि जुनाही शेजारी ठेवून पाहावा लागतो.

सोबत आम्ही वापरतो त्या चिठ्ठीचा नमुना जोडला आहे. त्यात दोन रकाने जास्तीचे आहेत: गाठ किती वाजता काढली, आणि किती वाजता फॉर्मालिनमध्ये टाकली. खाली टाकणाऱ्याची सही. पहिले दोन महिने ते रकाने कोरेच यायचे. कोरी चिठ्ठी आली की आम्ही थिएटरला फोन करायचो, प्रत्येक वेळी. आता ते भरून येतात.

आपली नम्र,
एक हिस्टोपॅथॉलॉजी तंत्रज्ञ