आई-बाबा, मी ठीक आहे, आता बाकीचं वाचा

आई, बाबा,

दादाने फोनवर नुसतं "छोटासा अपघात" एवढंच सांगितलंय म्हणे, म्हणजे तुमची झोप उडालीच असणार, म्हणून सगळं नीट लिहिते. आमचं छोटं विमान तळ्यावरून उडताना उलटलं. मला खांद्यावर बेल्टचा काळानिळा वळ आहे, बाकी एक्सरे क्लिअर. सोबतच्या मुलीचं मनगट मोडलंय, पायलट धडधाकट.

आमच्या कॅम्पपर्यंत रस्ताच नाही, त्यामुळे चाकांऐवजी फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारे पोकळ पाय लावलेलं छोटं विमान थेट तळ्यावर उतरतं आणि तिथूनच उडतं. बाबा, तुमचा पहिला प्रश्न माहितीये मला, विमान जुनं होतं का? होतं. पण ही विमानं जुनीच असतात हो, त्यातलं सगळ्यात फेमस बीव्हर, त्याचं प्रॉडक्शन 1967 मध्ये बंद झालं तरी ती अजून उडतायत, तेव्हा जुनेपणावर खापर नको.

आणि आई, तू म्हणशील पाणी शांत, वारा नाही, मग झालं काय? अगं तेच तर! आरशासारखं पाणी फ्लोटला सोडतच नाही, धरून ठेवतं. थोड्या लाटा असल्या की विमान लवकर सुटतं आणि समोरून वारा असला तर अजूनच लवकर, आमच्याकडे दोन्ही नाही, वर भर दुपार, गरम हवा विरळ म्हणजे पंखांना उचल कमी आणि इंजिनालाही दम कमी. पायलटने आधी तळ्यात गोल फिरून मुद्दाम लाटा केल्या, फ्लोटमध्ये झिरपलेलं पाणी सकाळीच पंपाने काढलेलं, त्यामुळे त्याला शिव्या घालू नका प्लीज. विमान सुटलं, जेमतेम पाण्याच्या वर आलं आणि टेकडीकडून वाऱ्याचा झोत आला, तोही मागून. मागून वारा म्हणजे पंखांवरची हवा एकदम कमी, विमान परत खाली, एक फ्लोट आधी टेकला, रुतला आणि आम्ही उलटे.

उलटं झालं की फ्लोट वर तरंगतात आणि केबिन पाण्याखाली जाते. डावं-उजवं काही कळत नाही. निघताना पायलटने बजावलं होतं, एका हाताने दाराची चौकट धरायची आणि ती न सोडता मग बेल्ट काढायचा, कारण बेल्ट आधी सुटला की माणूस आतल्या आत फिरतो आणि दार सापडत नाही. मी तेच केलं. दार आधी उघडेना, बाहेरून पाण्याचा दाब, आत पाणी भरल्यावर उघडलं. तेवढा वेळ... ते समोर बसून सांगेन, लिहायला नको.

मग फ्लोटवर चढून बसलो, कुडकुडत. विमानातला 406 मेगाहर्ट्झचा बीकन, म्हणजे संकटात मदतीचा सिग्नल पाठवणारं यंत्र, पाण्याखाली, त्याचा सिग्नल बाहेर जाणार कसा? पण पायलटच्या खिशात वेगळा छोटा बीकन होता, तो चालू केला आणि संध्याकाळी हेलिकॉप्टर आलं. बीकन विमानात नाही, अंगावर हवा, हे मला खरंच आता कळलं. चौकशी चालू आहे, वाऱ्याचं मी लिहिलं ते पायलटच्या सांगण्यावरून.

आता तुम्ही इकडे यायचं तिकीट कॅन्सल करायचं नाही हं. फक्त विमानात बसलात की आपल्या सीटपासून दारापर्यंत किती रांगा ते मोजा, आणि बाबा, सूचना चालू असताना पेपर वाचू नका. लाइफ जॅकेट आत बसून फुगवायचं नाही, बाहेर पडतानाच फुगवायचं. 1996 मध्ये हायजॅक झालेलं एक विमान आफ्रिकेजवळच्या कोमोरोस बेटांपाशी समुद्रात पडलं तेव्हा कित्येकांनी ते आतच फुगवलं, पाणी भरलं तसे ते छताला जाऊन अडकले आणि बाहेर पडताच आलं नाही.

आजीला मीच फोन करते रविवारी, तोवर तुम्ही काही बोलू नका, दादालाही सांगा.

तुमची,
छकुली