खिडकी नको, काच बदल

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय बंड्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. भाच्याच्या सिक्सरने तावदान गेलं आणि खिडकीवाला म्हणतो, अख्खा पल्लाच (काचेसकट उघडणारी चौकट) बदला. त्याला इतक्यात हो म्हणू नकोस. तुमच्याकडची यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लॅस्टिकची खिडकी, तीच इकडची व्हिनाइलची, आणि गेल्या मे महिन्यात हा उद्योग मी स्वतःच्या हाताने केलाय. एकदा चुकून, मग एकदा बरोबर.

आमच्याकडे बॉल नव्हता. शेजारचं गवत कापताना मशीनखालून खडा उडाला आणि बाहेरची काच तडकली. इथे थंडीमुळे दोन काचा असतात, मध्ये फटीत आर्गन वायू, कडेने सगळं सीलबंद. एक फुटली तरी जोडीच बदलायची. सील गेलं की दोन काचांच्या मध्ये धुकं साचतं आणि ते कुठल्याच फडक्याने पुसता येत नाही.

आपल्या सांगलीच्या घरी सुतारकाका काचेभोवतीची लांबी (पुट्टी) खरवडायचे, बारीक खिळे उपटायचे, आठवतंय? इथे लांबी नाही. काचेच्या चारी कडांना प्लॅस्टिकच्या पट्ट्या खाचेत दाबून बसवलेल्या असतात, तुमचा माणूस बिडिंग म्हणेल. आधी तड्यांवर आडवीतिडवी चिकटपट्टी लावली, जाड हातमोजे घातले. मग पुट्टी लावायचा पत्रा लांब पट्टीच्या मधोमध सांध्यात घालून हळूच पिळला. आधी काहीच होईना. मग 'टक्' आवाज झाला आणि पट्टी धनुष्यासारखी वाकून बाहेर आली. कोपऱ्यापासून सुरुवात केलीस तर तुटेल. गारठ्यात हे प्लॅस्टिक कडक होतं, म्हणून मी बायकोचा हेअर ड्रायर पळवला (त्याचं पुढे काय झालं ते फोनवर). कुठली पट्टी कुठली, पेन्सिलने खूण करून ठेव. पट्ट्यांखालची काच फ्रेमला दुतर्फा टेपने चिकटलेली होती; ती टेप पातळ पात्याने कापत कापत सोडवण्यात तास गेला.

आता माझा गाढवपणा ऐक. पट्ट्या न काढताच दिसणाऱ्या काचेचं माप घेऊन ऑर्डर दिली होती. पट्ट्यांखाली प्रत्येक बाजूला जवळपास अर्धा इंच काच दडलेली असते! नवी काच आली ती फ्रेममधून आरपार जाईल अशी. मापाने बनवलेला माल परत कोण घेणार? ती गराजमध्ये उभी आहे. माप घ्यायचं ते पट्ट्या काढल्यावर, आतल्या खाचेचं, आणि त्यातून लांबीरुंदीत पाव-पाव इंच कमी करायचं, म्हणजे चारी बाजूंना जरा जागा राहते. जाडीही मोज. माझी दोन काचा आणि फट धरून पाऊण इंच होती.

खाली रबराचे छोटे ठोकळे असतात, ते जुन्या काचेबरोबर फेकू नकोस. काच त्यांच्यावर टेकते, म्हणून खाचेत उतरलेलं पाणी तिच्या कडेला न लागता खालच्या भोकांतून निघून जातं.

तुझी काच एकेरी असेल तर काम सोपं. पण जुन्या काचेच्या कोपऱ्यात शिक्का आहे का बघ. टफन (भट्टीत तापवून मजबूत केलेली) असेल तर नवीही टफनच घे, खिडकी जमिनीलगत आहे ना तुझी! फुटलेल्याचा बारीक दाणेदार चुरा झाला असेल तरी टफनच समज. ती एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, त्यामुळे काचवाला 'मारू थोडी घासून' म्हणाला तर दुकान बदल. आणि पल्ला उतरवायचा झाला तर कुणीतरी सोबत असू दे. मी एकट्याने उतरवायला गेलो, बाजूची स्प्रिंग सुटून फाडकन वर गेली आणि शेजारीण धावत आली.

बिडिंगचा जवळून फोटो काढून पाठव, शेजारी फूटपट्टी धरून. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
पक्या