कैरो स्वस्त आहे म्हणालीस म्हणून

बाळा,

परवा फोनवर किती खुश होतीस तू, कैरोच्या माआदी भागातला फ्लॅट, समोरची झाडं, खालच्या बेकरीचा गरम पाव, ऐकून मलाच तिकीट काढून यावंसं वाटलं. पण मधे मधे तू "आई इथे सगळं फुकटात पडतं गं, युरोत तर काहीच नाही" असं म्हणत होतीस ना, ते माझ्या डोक्यातून जातच नाहीये. व्हॉट्सॲपवर तुटक तुटक सांगण्यासारखं नाही हे, म्हणून नीट बसून लिहितेय.

आम्ही तिथे होतो तेव्हा तू पुण्याला हॉस्टेलला. सुट्टीत यायचीस, पिरॅमिड, खान अल खलिलीचा बाजार, नाईलवरची बोट, की झाली परत जायची वेळ. आतलं तुला कुठे दिसणार होतं. ३ नोव्हेंबर २०१६ ला इजिप्तच्या सेंट्रल बँकेने तिथला पाउंड मोकळा सोडला, म्हणजे त्याचा भाव बाजारावर सोडला. तोवर डॉलरला नऊच्या आत असलेला पाउंड काही आठवड्यांत अठराच्या आसपास गेला. बाबांचा पगार डॉलरमध्ये, म्हणजे काहीही न करता आमचे पाउंड दुप्पट झाले, आणि आमच्या खालच्या मजल्यावर अरबी शिकवणाऱ्या बाई राहायच्या त्यांचा पगार होता तेवढाच राहिला. तेव्हा साखरेची पण टंचाई होती, माझ्याकडची एक पिशवी घेऊन मी खाली गेले तर त्यांनी ती घेतली आणि संध्याकाळी ताटभर बसबूसा, रव्याची मिठाई, करून वर पाठवला. अशी माणसं आहेत ती. मग २०२२ पासून पुन्हा तेच सुरू झालं आणि ६ मार्च २०२४ ला तर एका दिवसात डॉलर एकतीस पाउंडांवरून पन्नासच्या घरात गेला.

म्हणून सांगते, कैरो स्वस्त नाहीये. तिथल्या माणसासाठी ते भयंकर महाग झालंय, त्यांच्या पैशाची किंमत गेली म्हणून तुझा युरो एवढा मोठा दिसतो. रेशनकार्डावरची भाकरी तीसेक वर्षं ५ पियास्टरला होती (शंभर पियास्टरचा एक पाउंड), जून २०२४ मध्ये ती २० ची केली. मेट्रोचं तिकीट आम्ही १ पाउंडाला काढायचो, २०२४ मध्ये कमीत कमी ८ झालं. २०२२ च्या शेवटी तर तिथल्या सरकारी पोषण संस्थेने लोकांना कोंबडीचे पाय खा, त्यात प्रोटीन असतं असं सांगितलं होतं, लोक एवढे चिडले होते की बाजारात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आणि २०२५ मध्ये किमान पगार वाढवून ७००० पाउंड केला, म्हणजे महिन्याचे दीडशे डॉलरसुद्धा नाहीत. तुझ्या एकटीच्या फ्लॅटचं भाडं किती आहे ते तूच बघ.

तू तिथे राहू नको असं मी म्हणतच नाहीये हं. तुझं ऑफिस जर्मनीत, त्यांच्यापेक्षा घड्याळ फार तर एकच तास पुढे, काम छान होतं, शहर जीव लावतं. फक्त पैसे खर्च करताना हे डोक्यात असू दे. खान अल खलिलीत घासाघीस कर खुशाल, तिथे तोच रिवाज आहे, पण गाडीवरच्या भाजीवाल्याशी पाच पाउंडांसाठी हुज्जत घालू नकोस. बिल्डिंगचा बव्वाब, म्हणजे रखवालदार, सईद म्हणतात त्या लांब दक्षिणेतल्या भागातला असेल बहुतेक, कुटुंबासकट जिन्याखालच्या खोलीत राहणारा. शेजारी त्याला महिन्याला काय देतात ते विचार, तेवढे दे आणि वरून थोडे जास्त, आणि दरवर्षी न मागता वाढव. तुझा सिलेंडर, पाण्याच्या बाटल्या, रात्री उशिरा आलीस तर दरवाजा, सगळं तोच बघणार आहे. पहिल्याच आठवड्यात त्याच्या बायकोकडे जाऊन चहा पिऊन ये, अरबी येत नाही म्हणून टाळू नकोस, हातवारे करून खूप बोलता येतं.

कचऱ्याचं एक राहिलं. फुटलेली काच, ब्लेड, औषधांच्या सुया वेगळ्या जाड कागदात गुंडाळून ठेवत जा. मुकत्तमच्या डोंगराच्या पायथ्याशी मनशियत नासर म्हणून वस्ती आहे, तिथे घरोघरी बायका-मुली हाताने कचरा वेगळा करतात. मी एकदा गेले होते तिथे, त्या बायकांच्या बोटांवरचे कापल्याचे व्रण बघून आल्यावर माझ्याकडून तरी कधी तसाच कचरा टाकला गेला नाही.

घरमालक वर्षाचं भाडं एकदम युरोत मागेल. नाही म्हण, पाउंडात आणि महिन्याच्या महिन्याला देईन सांग. आधीच २०२३ मध्ये सुदानचं युद्ध पेटल्यावर तिकडची माणसं जीव वाचवून आली, घरं कमी पडली, भाडी वाढली आणि दोष सगळा त्या बिचाऱ्यांना मिळाला. त्यात जुन्या भाड्याचा कायदा २०२५ मध्ये बदलला, गिरगावात पागडीवाले असतात तशी पिढ्यानपिढ्या नाममात्र भाड्यावर राहणारी माणसं आहेत तिथे, त्यांना सात वर्षांची मुदत दिलीय. झमालेक भागातल्या अशा आजी-आजोबांनी या वयात कुठे जायचं गं? तू युरो मोजलेस की मालकाला तोच भाव खरा वाटायला लागतो, मग शेजारच्या घराचंही तेवढंच सांगतो.

बाकी कामाचं. घरच्या इंटरनेटला महिन्याचा जीबीचा कोटा असतो, व्हिडिओ कॉल फार खातात, म्हणून फोनवर वेगळा डेटा ठेव. २०२३ च्या उन्हाळ्यात रोज लाईट जायची, म्हणून पॉवर बँक भरलेली असू दे. मेट्रोत मधले डबे बायकांचे असतात. रमजानमध्ये इफ्तारच्या तासाभर आधी टॅक्सी शोधू नकोस, सगळे घाईत असतात, आणि कोणी रस्त्यात गाडी थांबवून खजूर हातात दिला तर घे, नाही म्हणू नकोस.

गोडा मसाला आणि मेतकूट बाबांच्या ऑफिसातले एकजण पुढच्या महिन्यात येतायत त्यांच्याबरोबर पाठवते. भाड्याचा करार अरबीत असेल, सही करायच्या आधी पानापानाचे फोटो पाठव, बाबांना अजून वाचता येतं.

आई