बर्फावर पाणी कोण घालतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या क्रीडासुविधांवर लेख आला होता, लेकीने व्हॉट्सॲपवर टाकला म्हणून मला इथे बसून वाचता आला. फोटो झकास होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण शेवटी लेखकाने जे म्हटलंय ना, की तिकडे सरकार सगळं आयतं हातात देतं म्हणून लोक खेळतात, तिथे मात्र माझं डोकं सटकलं आणि हे पत्र लिहायला घेतलं. लांबलंय. कापायचं तर खुशाल कापा, फक्त पाण्याच्या पाइपाचा भाग तेवढा ठेवा.

मी बत्तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवलं, आता रिटायर आहे आणि सध्या लेक-जावयाकडे सॅस्काटूनला मुक्काम. कॅनडा म्हटलं की आपल्याला टोरांटो नाहीतर व्हँकुव्हर एवढंच माहीत, हे गाव सास्कॅचवान प्रांतात, चहूकडे सपाट शेतं आणि मधून साउथ सास्कॅचवान नदी वाहते. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या २ लाख ६६ हजार, म्हणजे ना धड मोठं शहर ना खेडं. डिसेंबरात सकाळी नऊ वाजून गेल्यावर उजाडतं आणि पाच वाजायच्या आत अंधार, तापमान उणे तीस झालं तरी कुणी बातमी करत नाही. पहिल्या आठवड्यात मी खिडकीतून बघत बसायचो आणि मनात म्हणायचो, इथे माणूस घराबाहेर पडत तरी कशाला असेल.

आधी आयत्या मिळणाऱ्या गोष्टींबद्दल सांगतो, कारण त्या आहेतच, नाही म्हणणार नाही. महापालिकेची सहा लेझर सेंटर्स, म्हणजे पोहण्या-व्यायामाची केंद्रं आहेत. शॉ सेंटरला ५० मीटरचा तलाव आणि डायव्हिंगचे उंच प्लॅटफॉर्म, हॅरी बेलीलाही ५० मीटर, लॉसनला कृत्रिम लाटांचा तलाव (नातू तिथून बाहेर यायलाच तयार नसतो), फील्ड हाउसमध्ये छपराखाली पळायचा ट्रॅक. कॉस्मो आणि लेकवुडला तर सार्वजनिक लायब्ररीही त्याच इमारतीत, म्हणजे एक पोरगं पोहतंय, दुसरं पुस्तक वाचतंय आणि आजोबा बाहेर बाकावर दोघांची जॅकेटं सांभाळतायत. एक पास काढला की सहाही ठिकाणी चालतो. ज्यांचं उत्पन्न कमी आहे त्यांनी अर्ज केला आणि तो मंजूर झाला की प्रवेश फुकट, आणि मला विशेष हे वाटलं की काउंटरवर त्याचा गाजावाजा होत नाही, बाकीच्यांसारखंच कार्ड दाखवायचं आणि आत जायचं.

पहिल्याच दिवशी मी जिममध्ये बाहेरचे बूट घालून शिरलो. बत्तीस वर्षं पोरांना बुटांवरून ओरडलो आणि इथे एका कॉलेजातल्या पोरीने मला अगदी प्रेमाने दाराबाहेर नेऊन पाटी दाखवली. रस्त्यावरचं मीठ, वाळू, वितळलेला बर्फ सगळं बुटाला चिकटून येतं आणि लाकडी फ्लोअरची वाट लागते, म्हणून आतले बूट वेगळे. चूक माझीच होती, कबूल, पण लेकीने हा किस्सा अजून सोडलेला नाही.

पोहण्याबद्दल एक गोष्ट शिक्षक म्हणून लिहावीशीच वाटते. इथल्या लाइफसेव्हिंग सोसायटीचा जीव वाचवण्यापुरतं पोहण्याचा एक किमान मापदंड आहे. खोल पाण्यात कोलांटून पडायचं, १ मिनिट जागच्या जागी तरंगून राहायचं, मग कसंही करून ५० मीटर अंतर कापायचं. स्टाइल बघत नाहीत, वेळ बघत नाहीत. कारण माणूस बुडतो तो ठरवून पाण्यात उतरलेला नसतोच, तो पडलेला असतो. आयुष्यभर मी पोरांपुढे हातात स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो, हे इतकं साधं माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

असो. आता पाइप.

लेकीच्या घरामागे प्राथमिक शाळा आहे आणि शाळेच्या मैदानात लाकडी फळ्यांचं कुंपण घातलेली एक लांबोडकी जागा. उन्हाळ्यात तिथे नुसतं गवत असतं म्हणे. डिसेंबरात एका रात्री दहाच्या सुमारास मला खिडकीतून तिथे बॅटरीचा उजेड हलताना दिसला, वाटलं चोरबीर असतील, जावयाला हाक मारली तर तो हसायला लागला. म्हणाला, बाबा, ते बर्फ लावतायत.

बर्फ लावतायत! मी जॅकेटवर जॅकेट चढवून गेलो बघायला. चार माणसं होती, एक साठीच्या पुढचे शेजारी, ज्यांचे आजोबा युक्रेनहून इथे शेती करायला आले होते, एक फिलिपिनो नर्स जी ड्यूटी संपवून तशीच आली होती, एक पंजाबी ट्रक ड्रायव्हर आणि एक पोरसवदा मास्तर. हातात लांबच लांब पाइप आणि कुणी एक शब्द बोलत नव्हतं, कारण बोलायला तोंडावरचा मफलर काढावा लागतो. आधी भुसभुशीत बर्फ तुडवून, दाबून तळ करायचा. मग त्यावर पाण्याचा पातळ फवारा, तो गोठू द्यायचा, मग दुसरा. एकदम भसाभस पाणी ओतलं तर वरचा पापुद्रा गोठतो आणि खाली पोकळ राहतं, मग पोरांचे स्केट आत रुततात आणि पोरं तोंडावर आपटतात. मध्येच दोन दिवस ऊन पडून हवा गरम झाली की केलेलं सगळं खडबडीत, पुन्हा खरवडा, पुन्हा पाणी. आपल्याकडे कुस्तीच्या आखाड्यात माती मळतात, तिच्यात ताक-तेल घालून तिला सांभाळतात, अगदी त्याच निगुतीचं काम, फक्त इथे हाताची बोटं जागेवर आहेत की नाहीत हे मधूनमधून बघावं लागतं.

आणि यातल्या एकालाही पगार नाही. प्रत्येक वस्तीची एक कम्युनिटी असोसिएशन असते, पूर्णपणे स्वयंसेवकांची, महापालिका तिला थोडं अनुदान देते, रिंक, म्हणजे स्केटिंगचं हे बर्फाचं मैदान, मात्र वस्तीने उभी करायची आणि वस्तीनेच राखायची. शेजारी ज्या पाळीपत्रकावर सही घेत फिरतात ते मी पाहिलंय, वहीचं फाडलेलं पान, सोमवारी कोण, मंगळवारी कोण, शनिवारी फावड्याने बर्फ कोण काढणार, आणि पुढे बायकोचा नंबर, कारण नवरे फोन उचलत नाहीत. हे पान म्हणजे तुमच्या लेखातलं सरकार!

शेजारी मला पहिल्याच भेटीत गॉर्डी हाउची गोष्ट सांगायला लागले, ती इथे प्रत्येक पाहुण्याला ऐकावीच लागते. १९२८ साली जवळच्या फ्लोरल नावाच्या वस्तीत जन्मला, वाढला सॅस्काटूनमध्ये, गरिबाचं पोर, आणि पुढे बर्फावरच्या हॉकीत, नॅशनल हॉकी लीगमध्ये ८०१ गोल केले, पन्नाशी उलटल्यावरही खेळत होता. त्याच्या नावाचं मोठं क्रीडासंकुल आहे, फुटबॉलचं मैदान, स्पीड स्केटिंगचा ओव्हल वगैरे. आता त्या आजोबांचं म्हणणं असं, की गॉर्डी उघड्यावरच्या बर्फावर घडला, आतल्या बर्फावर नव्हे, आणि हे सांगताना ते माझ्याकडे असं बघतात जणू मीच कुठेतरी छप्पर घालायला निघालोय.

दुसरी गोष्ट शाळेच्या किल्लीची. संध्याकाळी शाळा सुटली की जिम बंद होत नाही. महापालिका आणि शाळामंडळं यांच्यात करार आहे, त्यामुळे संध्याकाळी त्या जिममध्ये असोसिएशनचे वर्ग भरतात, कुठे बॅडमिंटन, कुठे बायकांचा योगा, कुठे छोट्यांचा फुटबॉल. फिलिपिनो पोरं बास्केटबॉल खेळताना बघायला मी मुद्दाम जातो, काय चपळाई हो! फी बेताची, शिकवणारे बरेचदा वस्तीतलेच. खेळून झालं की खुर्च्या लावा, फरशी पुसा, कुलूप घाला, हेही ज्याची पाळी त्याने. मी शाळेत होतो तेव्हा चार वाजता मैदानाच्या फाटकाला कुलूप घालणारा मीच, आणि भिंतीवरून उडी मारून येणाऱ्या पोरांना पकडून उठाबशा काढायला लावणाराही मीच. त्यावर आणखी काही लिहीत नाही.

हे सगळं पहिल्यापासून असंच होतं असं मात्र समजू नका. १९७१ मध्ये इथे पार्टिसिपॲक्शन नावाची देशव्यापी मोहीम सुरू झाली आणि १९७३ साली टीव्हीवर तिची एक जाहिरात लागली, की तीस वर्षांचा कॅनेडियन माणूस हा साठ वर्षांच्या स्वीडिश माणसाइतकाच तंदुरुस्त आहे. पंधरा सेकंदांची जाहिरात, पण देशाच्या जिव्हारी लागली. या मोहिमेचा पहिला प्रयोग झाला तो याच सॅस्काटूनमध्ये. वयस्कर लोकांना ती जाहिरात अजून आठवते आणि आठवली की थोडा रागही येतो, स्वीडिश लोकांचा. मग १९७९ मध्ये नदीकाठ राखायला मीवासिन व्हॅली ऑथॉरिटी आली, मीवासिन म्हणजे क्री या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत सुंदर, आणि आज नदीच्या दोन्ही काठांनी मैलोन्‌मैल पायवाटा आहेत, चाला, पळा, सायकल हाणा, हिवाळ्यात स्की लावून जा. जुन्या बेसबरो हॉटेलच्या बाजूला नदीकाठी मीवासिनचीच रिंक असते, तिलाही तिकीट नाही.

पैसा कुठून येतो हेही त्या लेखात यायला हवं होतं. कर आहेच, पण या प्रांतात लॉटरीचा नफा एका ट्रस्ट फंडात जातो आणि तिथून खेळ, कला, करमणूक यांच्या हजारो छोट्या-मोठ्या संस्थांना मिळतो. जावई तिकीट हरला की म्हणतो, चला, कुणाच्या तरी पोराचा बॉल आला. लॉटरी चांगली की वाईट यावर मी मत देत नाही, माझे वडील असते तर त्यांनी दिलं असतं.

आता खुपणारं पण लिहितो, नाहीतर म्हणाल मास्तर परदेशात गेले आणि भाट झाले. आतली हॉकी भयंकर महाग आहे, सामान, फी, प्रवास धरून एका पोराचा वर्षाचा खर्च हजारो डॉलरांत जातो, आणि बर्फाची वेळ मिळते ती पहाटे सहाची, मग आईबाप पाचला उठून गाडीवरचा बर्फ खरवडतायत. गरिबाच्या पोरांसाठी मदतनिधी आहेत, पण तरी हॉकीच्या बॅगा घेऊन जाणाऱ्या पोरांकडे बघितलं की कुणाच्या घरात किती आहे ते कळतंच. स्वयंसेवकही आता म्हातारे होत चाललेत. मघाचे शेजारी गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलतायत, मार्चपर्यंत, कारण रिंक मार्चपर्यंत चालते. नवे आलेले लोक, त्यात आपलेही आले, पोरांना स्केटिंगला आणतात, फोटो काढतात, छान छान म्हणतात आणि त्या वहीच्या पानावर सही करायची वेळ आली की गाडी गरम करायला जातात. आमच्या घरानेही दोन वर्षं हेच केलं.

आणि गावात सध्या मोठी चर्चा आहे ती वेगळ्याच गोष्टीची. सास्कटेल सेंटर म्हणून १९८८ सालचं मोठं एरिना, म्हणजे बंदिस्त क्रीडागृह आहे गावाच्या उत्तर टोकाला, त्याच्याऐवजी डाउनटाउनमध्ये नवीन एरिना आणि त्याभोवती सगळा परिसर करायचा बेत आहे, २०२४ मध्ये आकडा जाहीर झाला तो एक अब्ज डॉलरच्या पुढचा. कुणी म्हणतं गावाला जीव येईल, कुणी म्हणतं आधी वस्तीतले खड्डे बुजवा. मी पाहुणा, मला मत नाही. पण एवढं दिसतं की त्या एरिनात हजारो लोक बसून बारा-पंधरा जणांना खेळताना बघणार, आणि इथे घरामागे चार माणसं रात्री पाणी घालतात म्हणून दुसऱ्या दिवशी अख्ख्या वस्तीची पोरं स्वतः खेळतात. तुमच्या पुरवणीत फोटो एरिनाचा येतो. रात्रीच्या अंधारात पाइप धरलेल्या माणसाचा फोटो नीट येणारही नाही, ते मान्य.

एक विनंती. पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा लेखकाला विचारा की किल्ली कुणाकडे असते, झाडतं कोण, आणि वर्षाच्या शेवटी हिशोब कोण लिहितं. तलाव किती मीटरचा ते कुणीही सांगेल.

या वर्षी मी सही केली आहे. आधी शेजाऱ्यांनी माझं वय विचारलं, मग माझे बूट बघितले, बाहेरचे होते, चालतील म्हणाले. माझा वार गुरुवार, सोबत ती नर्स असते, तिचं इंग्रजी मला कळतं आणि माझं तिला, त्यामुळे काम भरभर होतं. परवा माझ्या हातून एका कोपऱ्यात पाणी जास्त पडलं आणि तिथे पोकळ पापुद्रा धरला. नातवाने सकाळी शाळेत जाताना नेमका तोच कोपरा बुटाच्या टाचेने फोडून दाखवला.

आपला,
एक निवृत्त पी.टी. मास्तर
सध्या मुक्काम सॅस्काटून