पोरांना खेळायला जागा हवी : गावकरी आणि परगावच्या मंडळींना आवाहन

सर्व ग्रामस्थ, माता-भगिनी, शाळेचे माजी विद्यार्थी आणि कामाधंद्यासाठी बेळगाव, गोवा, पुणे-मुंबईला असलेली आपली मंडळी यांना गावच्या युवक मंडळाचा आणि महिला मंडळाचा नमस्कार.

अंगणवाडीमागची तीन गुंठे जागा ग्रामपंचायतीनं ठराव करून पोरांच्या खेळासाठी दिली, हे बहुतेकांना माहीत आहे. झुडपं तोडून झाली, कुंपण झालं, दगड वेचून झाले. पुढचं काम पैसा आणि माणसं यांच्यावाचून अडलंय. सुगी उरकली आहे, भात घरात आलंय, म्हणून आत्ताच शब्द टाकतोय. वळिवाच्या आत शेड उभी राहिली नाही तर पुढं आपला पाऊस आहेच. जूनपासून गणपतीपर्यंत पोरं घरात कोंडलेली, आणि घरात कोंडलेल्या पोराच्या हातात काय असतं ते सांगायला नको.

वर्गणीला फिरताना घरोघरी एकच प्रश्न ऐकला, "खेळायला कशाला वर्गणी? आमी काय वर्गणी काढून खेळलो व्हय?" प्रश्न रास्त आहे. आपण खळ्यावर खेळलो, चव्हाट्यावर खेळलो, सुगी झाली की रिकाम्या शिवारात विटीदांडू मांडला. आता मळणी मशीनवर होते, खळी राहिली नाहीत. चव्हाट्यावर गाड्या लागतात. रस्त्याकडेच्या शेतांचे प्लॉट पडले. उरलासुरला वेळ ट्यूशन खातं. चार वर्षांच्या पोराला ट्यूशन लावणारी घरं आपल्याच गावात आहेत. दिवाळीत किल्ला करतात, तेवढेच काय ते पोरांचे हात मातीला लागतात. त्या दिवसांत त्यांचं डोकं कसं चालतं ते बघा. माती किती भिजवायची, बुरूज का ढासळला, मावळे कुठं उभे करायचे, यावर तासन्‌तास पंचायत बसते.

खेळात पोरांना नेमकं मिळतं काय, ते परवा मारुती गल्लीत एका बांधकामापुढं चांगलं बघायला मिळालं. वाळूचा ढीग होता, शेजारी विटा. पाच-सहा पोरांनी विटांच्या दोन रांगा लावून बस केली. कंडक्टर झालेला पोरगा एरवी एका जागी बसत नाही म्हणून रोज बोलणी खातो. इथं तो चिंचेच्या पाल्याची तिकिटं तोडत, "मुंदक होग्री, मुंदक होग्री" (पुढं सरका, पुढं सरका) करत पाऊण तास ड्यूटीवर उभा! घरी मराठी बोलणारं पोर, पण कंडक्टर म्हटल्यावर कन्नड आलंच पाहिजे हे त्याचं त्यानं ठरवलेलं. एका मुलीनं पाच तिकिटं मागितली, त्यानं चारच दिली. ती भांडली, मग दोघांनी मिळून मोजली. पुढं सीटवरून जुंपली, बस मोडायची वेळ आली. तेव्हा एकीनं "म्हातारी चढलीया, उठा" असा नियम काढला आणि तो सगळ्यांनी पाळला.

मोजणी झाली, बोलणं झालं, समोरच्याच्या मनात काय आहे याचा अंदाज घेणं झालं. पण आमच्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्या चुळबुळ्या पोरानं स्वतःला घातलेला आवर. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी १९३३ सालच्या व्याख्यानात हेच मांडलं होतं. एरवी मूल मनात येईल ते करतं. खेळात मात्र ते आपणहून नियम पत्करतं, कारण नियम मोडला की खेळच मोडतो. आणि विटेला सीट मानता आलं, पाल्याला तिकीट मानता आलं, की पाटीवरच्या रेघोट्यांना 'क' मानणं फार अवघड राहत नाही.

हे सगळं बोलायला ठीक, असं म्हणणाऱ्यांसाठी जमैकाचं उदाहरण देतो. १९८६-८७ मध्ये तिथल्या किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांमधली, वाढ खुंटलेली १२९ मुलं डॉ. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासासाठी घेतली. वय नऊ महिने ते दोन वर्षं. काहींना पूरक दूध दिलं. काहींच्या घरी, आपल्या आशाताई येतात तशी, एक आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जायची आणि मुलाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते आईला दाखवायची. खेळणी घरगुती, टाकाऊ वस्तूंची. काहींना दोन्ही मिळालं, काहींना यातलं काहीच नाही. दोन वर्षं हे चाललं. मुलं बाविशीची झाल्यावर त्यांना पुन्हा गाठलं, तेव्हा खेळाच्या भेटी मिळालेल्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा सरासरी २५ टक्के जास्त भरली. नुसतं दूध मिळालेल्यांत असा टिकून राहिलेला फरक दिसला नाही. (अंगणवाडीतलं दूध आणि अंडं बंद करा, असा याचा अर्थ कुणी काढू नये. ते हवंच.)

आपल्याकडंही हे नवं नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि १९५७ पासून तिथल्याच कोसबाडला, अनुताई वाघ यांना बरोबर घेऊन, आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. बिया, पानं, काड्या, शिंपले हे तिथलं साहित्य. मुलं येत नाहीत तर त्या मुलांच्या अंगणात गेल्या. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. आमचा सगळा बेत त्याच वळणाचा आहे.

मधोमध दहा बाय दहाचा वाळूचा हौद, दीड फूट खोल. रात्री वर जाळी टाकायची, नाहीतर मांजरं घाण करतील. नळाजवळ चिखल करायची जागा. आयांनी रागावू नये, जुने कपडे घालून पाठवावं. जांभळीच्या फांदीला टायरचा झोका, खाली वाळूचा थर. लगोरी, लंगडीला उरलेली जागा मोकळी. आणि वीस बाय तीसची पत्र्याची शेड, तिन्ही बाजू उघड्या, पश्चिमेला कमरेएवढी भिंत, कारण झड तिकडूनच येते. शेडचा अंदाज २,१०,००० रुपये, बाकी कामाचा ४०,०००. आजवर ६४,००० जमलेत.

काही गोष्टी मात्र कृपा करून देऊ नयेत. एका सज्जनानं टीव्ही देऊ केला होता. त्यांचा मान राखून नको म्हटलं. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडदा नको, तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून निदान तीन तास हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय. बॅटरीवर चालणारी खेळणीही नकोत. ती स्वतःच खेळतात, पोरं नुसती बघत बसतात. दात्यांची नावं एकाच फळीवर, सारख्याच अक्षरांत लिहिली जातील, रक्कम न घालता. कमानी आपल्या गावात पुरेशा झाल्यात.

हवंय ते असं : सुतारांकडचे लाकडाचे ठोकळे (कडा घासून), शिंप्यांकडच्या चिंध्या, करवंट्या, चिंचोके, फुटकी न झालेली जुनी भांडी. बेळगावात उद्यमबागच्या कारखान्यांत कामाला असणाऱ्यांनी बाद झालेली बेअरिंग आणावीत, मोठ्या पोरांचा गाडा होईल. गवंडी आणि वेल्डर मंडळींनी दोन-दोन रविवार द्यावेत. त्यांच्या जेवणाचं महिला मंडळ बघेल. आज्ज्यांनी गजगे आणि जिबली हे खेळ शिकवायला यावं. दुपारी देखरेखीला कुणी ना कुणी मोठं माणूस लागेल, पण एक अट आहे : पडलं-झडलं तर उचलायचं, खेळ कसा खेळायचा ते सांगायचं नाही. मराठी शाळेची, कन्नड शाळेची, उर्दू शाळेची, सगळी पोरं इथं येतील. कुणाला यावर बोलायचं असेल त्यांनी बैठकीत बोलावं, पारावर नको.

ट्यूशन घेणाऱ्या ताई-दादांना वेगळी विनंती. संध्याकाळी पाच ते सहा कुणाचाही क्लास ठेवू नका. पैशांपेक्षा ही वर्गणी आम्हाला मोठी वाटते, आणि मागायला अवघडही.

रोख रक्कम गल्लीतल्या पंचांकडे द्यावी आणि पावती घ्यावी. पावतीशिवाय कुणालाही पैसे देऊ नयेत. परगावच्या मंडळींनी घरच्यांमार्फत पाठवावेत. जमाखर्च दर अमावास्येला देवळात वाचून दाखवू. वस्तू रविवारी सकाळी अंगणवाडीत घेतल्या जातील. टायर दुचाकीचेच आणावेत आणि आतली तार बाहेर आलेली असेल तर आणू नयेत, ते परत पाठवावे लागतात.