व्हेनिसहून सल्याला

प्रिय सल्या,

तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतोय, शुगरचं विचारू नकोस. पत्र बघून दचकशील, पण फोनवर तू नेहमीसारखा विषय बदलला असतास.

आज ही झोपली होती, एकटाच पायी निघालो. गुल्ये पूल उतरून डावीकडे कालव्याकाठानं गेलं की इमारतीच्या पोटातून जाणारा एक बुटका बोळ लागतो. आत घेट्टो. हा शब्द जगभर गेला तो इथूनच. १५१६ साली शहरातल्या ज्यूंना इथल्या एका बेटावर आणून ठेवलं. रात्री दारं बंद. पहारेकरी ख्रिस्ती, पगार ज्यूंनी द्यायचा! घर विकत घ्यायला बंदी, वर भाडं एक तृतीयांश जास्त. जागा पुरेना म्हणून मजल्यावर मजले चढवत गेले. छतं इतकी खाली की मला वाकावं लागेल. तुला नाही, तुझी उंची ठाऊक आहे.

दारं १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्यानं तोडली. त्या बोळाच्या दगडात बिजागऱ्यांच्या खाचा मात्र अजून आहेत. एकीत बोट घातलं आणि आमच्या सोसायटीची ती मीटिंग आठवली.

तुझ्या फ्लॅटची. ‘माणसं चांगली आहेत हो, प्रश्न तो नाही,’ असं जो तो म्हणत होता. प्रश्न कोणता, ते कुणीच बोललं नाही. तुला वाटतं, मी त्या दिवशी गावाला होतो. नव्हतो. चिटणीस मी, इतिवृत्त मी लिहिलं. ‘काही तांत्रिक कारणांमुळे’ हे शब्द माझे, सल्या. आणि तू हसून म्हणालास, ‘बरं झालं, तुमच्याकडे पाण्याची बोंबच आहे.’ कोंढव्याला सामान हलवताना टेम्पोत कपाट चढवायला मी होतो. तुझ्याच पैशानं मिसळही खाल्ली.

त्र्याऐंशीच्या फायनलला ट्रान्झिस्टर कुणी पाडला यावर आपण चाळीस वर्षं भांडतोय. (तूच पाडलास.) यावर एकदाही नाही. तुला कळलं होतं का रे? कळूनही गप्प राहिला असशील, तर ते जास्त लागेल.

आयेशाच्या सीएचं काय झालं? भाभींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकलं का? घाईत विचारतोय, राग मानू नकोस.

बुधवारी पुण्यात पोचतो. गुरुवारी संध्याकाळी येईन. इतिवृत्ताची ती वही अजून माझ्याच कपाटात आहे, घेऊन येतो. चहात साखर नको.

तुझा,
बाळ्या