अर्थिंगचा खड्डा आधी पाहणाऱ्या वायरमनकाकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

वळवाच्या विजांमध्ये आमच्या घरचा संगणक जळाल्यानंतर ज्याने त्याने महागडा स्पाइक गार्ड, म्हणजे विजेच्या झटक्यापासून उपकरणे वाचवणारा प्लगचा बोर्ड, घेण्याचा सल्ला दिला. आपण मात्र कोणतीही वस्तू आणायला न सांगता आधी अर्थिंगचा खड्डा, म्हणजे घरातील जादा वीज जमिनीत सोडणारी नळी जिथे पुरलेली असते तो खड्डा, दाखवा, असे म्हणालात. त्याबद्दल आपले मनापासून आभार मानावेत आणि आपण सांगितलेल्या गोष्टी तासगाव भागातील इतर घरांनाही कळाव्यात, म्हणून हे पत्र सर्वांसाठी खुले लिहीत आहे.

वीज तारेवर प्रत्यक्ष पडली नाही, नुसती जवळपास कोसळली, तरी तारांमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊ शकतो आणि तो 230 व्होल्टवर चालणाऱ्या उपकरणांपर्यंत पोहोचतो, हे आपण माझ्या मुलीला बोर्ड उघडून समजावलेत. असा झटका मायक्रोसेकंदांत येऊन जातो आणि एमसीबीला, म्हणजे बोर्डातील आपोआप बंद होणाऱ्या सुरक्षा-स्विचला, पडायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, त्यामुळे एमसीबीवर विसंबून चालत नाही. स्पाइक गार्डमधील झिंक ऑक्साइडची चकती, म्हणजे एमओव्ही, एरवी स्वतःतून वीज जाऊ देत नाही आणि दाब वाढताच झटका न्यूट्रलकडे, म्हणजे विजेच्या परतीच्या तारेकडे, व जमिनीकडे वळवते. पुष्कळ स्वस्त बोर्डांत ही चकती नसतेच, केवळ स्विच आणि फ्यूज असतो; आणि जिथे असते तिथेही ती झटके सोसून हळूहळू निकामी होते, तरी त्या बोर्डावर संगणक मात्र चालूच राहतो.

परंतु सर्वांत मोलाचे आपण दाखवलेत ते परसात. आमची जमीन काळी. चैत्र-वैशाखात तिला भेगा पडतात, ओल खोल जाते, अर्थिंगच्या नळीभोवतीची माती सुटते आणि जमिनीकडे जाणाऱ्या विजेला होणारा विरोध वाढतो. म्हणजे वळवाचे ढग येतात नेमक्या त्याच दिवसांत अर्थिंग सर्वांत दुबळे झालेले असते. आपण अर्थ टेस्टर लावून कोरड्या खड्ड्याचे रीडिंग दाखवलेत, पाणी सोडल्यावर पुन्हा दाखवलेत, आणि दोन्हींतला फरक पाहून घरातील सर्वजण थक्क झाले. विरोध पाच ओहमच्या आत आणायचाच, हा आग्रह धरून आपण नवी नळी पुरलीत, कोळसा आणि मीठ भरलेत, वर पाणी घालण्यासाठी नरसाळे बसवलेत. मिठाने नळी गंजते, म्हणून तिचा जोड दरवर्षी उघडून पाहावा, हेही आवर्जून सांगितलेत. इतके मन लावून काम करणारा माणूस मिळणे हे मी आमचे भाग्य समजते.

त्यानंतरच मुख्य बोर्डात एसपीडी, म्हणजे घरात येणारा झटका जमिनीकडे वळवणारा संरक्षक, बसला. त्याची अर्थिंगची तार आपण मुद्दाम आखूड आणि सरळ ठेवलीत, कारण लांब, गुंडाळलेल्या तारेमुळे झटक्याचा अधिक भाग उपकरणांकडे जातो. राउटरपर्यंत येणाऱ्या फायबरच्या काचेतून वीज वाहत नसली, तरी राउटरच्या अडॅप्टरमधून आणि तेथून संगणकाला जाणाऱ्या लॅनच्या तारेतून झटका आत येऊ शकतो, ही गोष्ट आम्हांला इतर कोणीच सांगितली नव्हती.

आणि इतके करूनही, थेट वीज पडली तर संगणक वाचेलच अशी हमी कोणतेही उपकरण देत नाही, हे आपण स्पष्ट सांगितलेत. त्या प्रामाणिकपणाचा मला फार आदर वाटतो. नुसता स्विच बंद करणे पुरेसे नाही, कारण त्याने केवळ फेज, म्हणजे वीज आणणारी तार, तुटते, न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात. म्हणून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या 'दामिनी' अॅपवर इशारा दिसताच प्लग आणि लॅनची तार दोन्ही काढून ठेवायची, आणि ढग डोक्यावर आल्यानंतर मात्र त्यांना हात लावायचा नाही, हा नियम आता आमच्या घरात सर्वजण पाळतात.

शेजारच्या दोन्ही घरांनी आपल्याकडूनच अर्थिंग तपासून घ्यायचे ठरवले आहे. वळीव सुरू होण्याआधी आपल्याला सवड कधी होईल ते कळवावे, आणि त्या दिवशी जेवण आमच्याकडेच घ्यावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एका विद्यार्थिनीची आई
तासगाव तालुका, जि. सांगली